फुलटोच्या गेला कुठे?

"बिबट्या कितीला येतो?"

हा प्रश्न मला जुहूच्या एका गृहस्थांनी विचारला होता. बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटवर, रविवारी सकाळी, सगळ्यांसमोर. त्यांच्या गळ्यात नवीकोरी दुर्बीण होती आणि तिच्यावर दुकानाचा टॅग अजून लोंबत होता. मी म्हटलं, "साहेब, त्याची वेळ तो आपल्याला सांगत नाही."

"म्हणजे दिसायची गॅरंटी नाही?"

"नाही."

"मग एवढ्या पहाटे उठवलंत कशाला आम्हाला?"

त्यांना मी त्या सकाळी झाडाच्या सालीवर सालीसारखाच बसलेला कोळी दाखवला, ऊन खाणारा सरडा दाखवला, उंबरावरचे हरियल दाखवले. निघताना ते म्हणाले, "मॅडम, बिबट्या असेल तेव्हा फोन करा." मी अजून केलेला नाही.

अशी माणसं घेऊन रविवारी जंगलात हिंडायचं आणि बाकीचे दिवस एकटीनं कॅमेरा घेऊन हिंडायचं, हा माझा धंदा. सुरुवात अंधेरीच्या एका फोटो स्टुडिओत झाली. पासपोर्ट फोटो आणि लग्नं. "जरा हसा, अजून जरा हसा" सांगून सांगून मला माणसांचाच कंटाळा आला आणि मी पक्ष्यांकडे वळले. त्यांना हसा म्हणावं लागत नाही. कॅलेंडरं, शाळांचे तक्ते, पायवाटांवरच्या माहितीच्या पाट्या, यांवरचे बरेच पक्षी माझे आहेत. खाली नाव असतंच असं नाही. त्या पाट्यांसमोर लोक सेल्फी काढायला उभे राहिले की मीच बाजूला सरकते, उगाच मध्ये कशाला यायचं म्हणून.

माझी आई कणकवलीकडची. मी एकटी रानात जाते याचा तिनं शेवटपर्यंत धसका घेतला होता. "गो बाये, जातंस तर जा," ती म्हणायची, "पण कोणी इचारल्यान तर सांग, घोव मागसून येता हा." मी कितीतरी वर्षं तेच सांगत आले. "एकट्याच?" असं कुणी विचारलं की लगेच, "मिस्टर मागून येतायत." लग्न काही मी केलं नाही. त्यामुळे मिस्टर कायम मागेच राहिले.

मागून खरोखर यायची ती जयू. जयू म्हणजे जयश्री, बँकेत कॅशियर होती. नवरा गेल्यावर कुणीतरी तिला "जरा मन रमव" म्हणून माझ्या ट्रेलला आणून सोडलं आणि ती मग येतच राहिली. ट्रेलची एक रीत असते. वाट माहीत असलेला एक जण सगळ्यांच्या पुढे आणि दुसरा सगळ्यांच्या शेवटी. बाकीचे या दोघांच्या मध्ये. शेवटच्यानं डोकी मोजायची, रेंगाळणाऱ्यांना हाकायचं, माकडानं कुणाची पिशवी पळवली तर धावायचं. मी पुढे असायचे आणि जयू शेवटी. तिचा आवाज असा की मला मागे वळून बघावंच लागायचं नाही. "ओ काका, ते पान कशाला तोडताय? घरची तुळस आहे का?" असं ऐकू आलं की समजायचं, मागे सगळं ठीक आहे. एकदा मालाडच्या एक बाई स्टीलच्या डब्यातून उपमा घेऊन आल्या. डबा घेऊन माकड झाडावर गेलं आणि बाई खाली उभ्या राहून त्याला "अरे, डबा तरी दे" म्हणत होत्या. जयूनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चला, त्याला आवडला नसता तर त्यानं परत केला असता."

लोकांना वाटतं पक्ष्यांचे फोटो डोळ्यांनी काढतात. डोळे लागतात, पण शेवटी. आधी कान लागतात. आपलं जंगल काही मैदान नाही, दहा पावलांवर बसलेला पक्षी पानाआड दिसत नाही. म्हणून पुढच्यानं हात वर केला की सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं आणि ऐकायचं. कोण आहे, किती उंचावर आहे, एकटा आहे की जोडीनं, निवांत चरतोय की घाबरलाय, हे सगळं आधी कानाला कळतं. मग त्या फांदीवर लेन्स रोखून थांबायचं. मी हात वर करून डोळे मिटून उभी राहायचे आणि थोड्या वेळानं सांगायचे, "उजवीकडे बघा, वाकलेल्या फांदीच्या टोकाला. आता उडेल." आणि तो उडायचा. लोक माझ्याकडे आ वासून बघायचे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

असं थांबलं की जयू शेवटून चालत पुढे यायची आणि माझ्याजवळ उभी राहायची. तिला एक वाईट खोड होती. उभी राहिली की माझ्या सॅकचा पट्टा ओढायची. कधी डावा, कधी उजवा. "अगं, कॅमेरा हलतो," मी दटावायचे. ती जीभ चावायची आणि पुढच्या थांब्याला पुन्हा ओढायची.

माझा सगळ्यात लाडका पक्षी फुलटोच्या. अंगठ्याएवढा जीव, रंग मातकट, तुम्ही त्याला वाळकं पान समजून पुढे जाल. जुन्या आंब्यावर बांडगुळाचे झुबके असतात ना, दुसऱ्याच्या फांदीवर रुजून आयतं जगणारे, त्यांची फळं हा खातो. आतलं बी इतकं चिकट की अंगाला चिकटून राहतं, मग हा फांदीला पुसून टाकतो आणि तिथे नवं बांडगूळ उगवतं. एका जागी म्हणून बसत नाही. तो सापडतो फक्त आवाजावरून. चिक, चिक, चिक, उडताना, बसताना, खाताना. "हा अगदी आमच्या ब्रँच मॅनेजरसारखा," जयू म्हणायची, "कामापेक्षा आवाज जास्त." त्याचा एक फोटो मला महिनोन्‌महिने खेपा घातल्यावर मिळाला. चोचीतून बीचा चिकट धागा लोंबतोय आणि हा अगदी वैतागलेला. माझ्या सगळ्या फोटोंत मला तो सगळ्यात जवळचा.

मग जयूला नातू झाला. मुलगा बेंगळुरूला, सून नोकरी करणारी. जयूनं बोरिवलीचं घर बंद केलं आणि निघाली. "जा गं, झकास मजा कर," मी म्हटलं. घरी आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही. तशीही बोलायला घरात कुणी नव्हतं, पण त्या दोन दिवसांत ते जास्त जाणवलं. तिच्या जागी शेवटी चालायला दर रविवारी कुणी ना कुणी मिळायचं. सगळे चांगले होते, शिस्तीनं शेवटीच राहायचे.

त्याच वर्षी फुलटोच्या दिसेनासा झाला. आधी वाटलं, ऋतू बदलला, येईल. आला नाही. मग चष्मेवाले गेले, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेले ते चिमुकले हिरवे पक्षी, एरवी थव्यानं चिवचिवत शेंड्याशेंड्यांवरून जाणारे. मग केशरी छातीचे इवलेसे निखार कमी झाले. मोठे मात्र सगळे जागच्या जागी. तांबट टुकटुक करत होता, भारद्वाज घुमत होता, कोतवालाची भांडणं चालू होती. मी विचार करकरून एक सिद्धांत मांडला. लहान पक्षी चाललेत. रस्त्यांवरचे दिवे, बांधकामाची धूळ, सगळ्यात आधी फटका बसतो तो लहानांना. मुलुंडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी त्यावर फोटो दाखवून भाषण केलं. शेवटचा फोटो फुलटोच्याचा लावला आणि म्हटलं, "हा आपल्यातून गेला." एका आजींनी डोळे पुसले. नंतर बटाटेवडे होते.

मला खरंच दुःख झालं होतं, ते काही भाषणापुरतं नव्हतं. आई गेली होती, जयू लांब गेली होती, आणि आता हे एवढेसे जीवही निघून गेले. आठवड्याच्या मधल्या दिवशी मी एकटी, जिथे त्याचा फोटो मिळाला होता त्या आंब्याखाली जाऊन बसायचे. बांडगुळं फळांनी लगडलेली. खायला कुणी नाही. मी बिस्कीट खायचे आणि उठायचे.

मुलुंडचं भाषण ऐकून शर्मिला नावाची एक बाई माझ्या ट्रेलला आली. चाळिशीची, तोंडाची फटकळ, सॅकमध्ये छत्रीपासून टॉर्चपर्यंत सगळं. त्याच आंब्यापाशी मी नेहमीसारखा हात वर केला. सगळे थांबले. मी डोळे मिटले. काही नव्हतं. लांबून तांबट, बस्स. मी हात खाली घेतला आणि म्हटलं, "इथे पूर्वी फुलटोच्या असायचा."

"ताई, मग हे मघापासून वर चिकचिक चिकचिक काय चाललंय?" शर्मिला म्हणाली.

"किडा असेल एखादा."

"किडा? एवढा इकडून तिकडे उडणारा?"

बाकीच्यांनीही माना वर केल्या होत्या. आणि सगळे एकाच दिशेला बघत होते. एक जण म्हणाला, "हा काय, हा काय, झुबक्यात!" मी कॅमेरा उचलला. बांडगुळात, पिकल्या फळाशेजारी, फुलटोच्या बसला होता. लेन्समधून मला त्याची चोच स्पष्ट दिसत होती. चोच उघडत होती, मिटत होती, उघडत होती, मिटत होती. आवाज येत नव्हता.

मी कॅमेरा खाली घेतला आणि माणसांचे चेहरे पाहिले. सगळ्यांना ऐकू येत होतं. त्यात एक सत्तरीचे आजोबाही होते. त्यांनाही.

"ताई, हा तोच ना? गेलेला?" शर्मिलानं विचारलं.

"तोच."

"अहो, मग परत आला की! पेढे वाटा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पक्षी उडाला. मी पण टाळ्या वाजवल्या.

कान तपासायला मी घाटकोपरला गेले, बोरिवलीत कुणी ओळखीचं भेटायला नको म्हणून. काचेच्या एका खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन घालतात आणि हातात बटण देतात. आवाज ऐकू आला की दाबायचं. पहिले जाडे आवाज मी पटापट ओळखले. मग बारीक आले, तेही दाबले. मग बराच वेळ काहीच आलं नाही. काचेपलीकडची मुलगी माझ्याकडे बघत होती, समोरच्या यंत्रावर काहीतरी फिरवत होती, पुन्हा बघत होती. मला वाटलं मशीन बंद पडलं. बाहेर आल्यावर मी तसं म्हटलंसुद्धा.

"नाही काकू," ती म्हणाली, "चालूच होतं."

वयानं असं होतं, तिनं समजावलं. वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, हळूहळू, त्यामुळे माणसाला कळत नाही. बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून घरच्यांनाही पटकन लक्षात येत नाही. "घरी कोण कोण असतं?" तिनं सहज विचारलं. मी कानात घालायच्या मशीनची चौकशी सुरू केली. मशीननं बोलणं जास्त स्पष्ट ऐकू येईल, ती म्हणाली, पण तुमच्या कानांतून एकदा गेलेले ते अगदी वरचे आवाज परत येतील अशी आशा ठेवू नका.

घरी आल्यावर मी जयूला फोन लावला. दुसरं कुणाला लावणार होते?

"जयू, माझे कान गेले गं."

मला वाटलं ती "अगं बाई" म्हणेल, कसं काय म्हणेल, कुठल्या डॉक्टरकडे गेलीस म्हणेल.

"तुला कधी कळलं?" ती म्हणाली.

मला आधी प्रश्नच समजला नाही. मग समजला.

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"अगं, तुझ्या सॅकचा पट्टा काय मी गंमत म्हणून ओढायचे? डावीकडे पक्षी असला की डावा, उजवीकडे असला की उजवा. पहिल्यांदा चिकचिक तुझ्या लक्षात आली नाही ना, तेव्हा मला वाटलं तुझं लक्ष नाही. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग मी पुढे यायलाच लागले."

मला ते सगळे थांबे आठवले. मी मिटलेले डोळे उघडून "उजवीकडे" म्हणायचे ते, आणि लोकांचे ते चेहरे. मला वाटायचं मला ऐकू आलं. खरंच वाटायचं.

"सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला होता.

"सांगितलं असतं तर तू ट्रेल बंद केली असतीस. तुझा स्वभाव मला माहीत नाही? अर्धवट काम तुला जमत नाही. मंदा, हे गेल्यावर माझ्याकडे रविवार सोडला तर काय होतं गं? घर, बँक, घर. तू बंद केली असतीस तर माझी वाट लागली असती. स्वार्थ समज हवं तर."

"आणि गेलीस तेव्हा? तेव्हा तरी सांगायचंस."

"मला वाटलं कळेल तुला. कुणीतरी सांगेल."

"कोण सांगणार? इथे आहे कोण?"

मी फोन ठेवून दिला. राग आला होता. पण कशाचा, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. तिनं लपवलं याचा, की ती माझ्याजवळ होती तोवर मला काही कमी पडलं नाही याचा. पुढे कितीतरी दिवस मी तिचा फोन घेतला नाही. तिचं नाव स्क्रीनवर यायचं, मी वाजू द्यायचे.

ट्रेल मी सोडली. लोकांना कारण गुडघ्यांचं सांगितलं. गुडघ्यांना आपल्याकडे मान आहे. गुडघे म्हटलं की लोक खुर्ची पुढे करतात, कान म्हटलं की ओरडून बोलायला लागतात. दुसऱ्यांनी ट्रेल चालवायला घेतली, चांगली चालवतात. शर्मिला आता शेवटी असते. मशीन घेतलं. कुकरची शिट्टी झाली की मी दचकून उभी राहते, शेजारच्यांचं भांडण शब्दन्‌शब्द कळतं. फुलटोच्याचं काही नाही.

जंगलात जाणं मात्र सुटेना. कॅमेरा घेऊन जायचे, आंब्याखाली बसायचे. पण काम जमेना. कुठे बघायचं तेच कळेना. शेंड्याचं एखादं पान हललं की लेन्स वर, तोवर तिथे कुणी नसायचं. पूर्वी मी एकटी असायचे पण मला तसं कधी वाटलं नव्हतं. चारी बाजूंनी कुणी ना कुणी बोलत असायचं आणि मला ते सगळं कळायचं, निदान कळतंय असं वाटायचं. आता मी तिथे बसले की मला एकटं वाटतं. इतकं की एकदा वाटेवरच्या गार्डला विनाकारण "किती वाजले?" विचारलं. माझ्याच हातात मोबाइल होता. त्यानं तो पाहिला आणि मुकाट्यानं वेळ सांगितली.

गेल्या महिन्यात एके सकाळी अशीच बसले होते. बांडगुळाचा झुबका थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. वारा नव्हता. मी लेन्स लावली, काही दिसलं नाही. बराच वेळ तशीच बसले. मग काय मनात आलं, मोबाइल काढला, आवाजाचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि हात झाडाकडे उंच धरून उभी राहिले. दंडाला रग लागेपर्यंत. मग ते रेकॉर्डिंग जयूला पाठवून दिलं. वर एक शब्द लिहिला नाही. इतक्या दिवसांनी काय लिहिणार?

वाटेत मी ते स्वतः कानाशी लावून ऐकलं. नुसती घरघर आणि माझा श्वास. रिकामंच पाठवलं की काय, असं वाटून मला लाज वाटली. पण ते पुसायचं कसं हे मला माहीत नाही.

दुपारी वरणाला फोडणी देत होते तेव्हा तिचा आवाजी निरोप आला. गॅस बंद केला आणि ऐकला. जयूचा आवाज मला अजून उत्तम ऐकू येतो, तो कुणालाही येईल.

"मंदे, एक तर तू श्वास कसला घेतेस गं, म्हशीसारखा? वजन बघ जरा. बरं ऐक. आधी तांबट आहे. मग लांब विमान गेलं. मग कोतवाल, त्याचं नेहमीचं. आणि मग आला बघ आमचा ब्रँच मॅनेजर. थांब, पुन्हा लावते. अगं, एक नाही, दोन आहेत! जोडी आहे! एक जरा पलीकडे आहे, आणि दुसरा तर अगदी तुझ्या डोक्यावर. अगदी वर! बघतेस काय अशी इकडेतिकडे, वर बघ, वर बघ ना गं, उडेल तो!"

मी स्वयंपाकघरात होते. तरी वर बघितलं.